घट

दोन आठवड्यांपुरत्याच दिल्या होत्या.
दोन हजार सातचा जून. हल शहराची गटारं उलटी वाहिली,
पाणी दारातून नाही, मोरीतून घरात आलं,
आणि मी, विट्याची, जिथे टँकर आला की लग्नघराची धावपळ,
पाण्याला भिऊन जिन्याच्या सातव्या पायरीवर बसले
ती पुन्हा पुरती उतरलेच नाही.

डॉक्टर हारग्रीव्हनी चिठ्ठी लिहिली. निळी गोळी.
मग ते निवृत्त झाले. मग वारले.
चिठ्ठी तेवढी महिन्याच्या महिन्याला येत राहिली
अठरा वर्षं,
मेलेल्या माणसाच्या नावावर चालू राहिलेल्या पेन्शनसारखी.

आता मिस ब्लेन्किन, दवाखान्यातली फार्मासिस्ट,
वय आमच्या ऊर्जिताएवढं.
कागदावर जिना काढून दाखवते:
निळीवरून पिवळी, पिवळीवरून पांढरी,
मग पांढरीचे तुकडे.
घाई नाही, म्हणते. एकदम तोडायची नाही, कधीच नाही.
तिच्या जिन्याला कठडा नव्हता.
तो मी घरी येऊन पेनने काढला.

अण्णांचा काटा काचेच्या पेटीत असायचा.
तोलताना श्वास घ्यायचा नाही, पारडं हलतं.
गुंज, मासा, तोळा. आम्ही भावंडं
गाल फुगवून उभी.
माझा काटा ऑनलाइन मागवलेला, बॅटरीवरचा.
बेव्हर्ली रोडवरून डबलडेकर गेली तरी आकडा सरकतो.
नखांच्या कानशीने गोळीची कड घासते
आणि श्वास धरते.
मनगटावर निळ्या शाईत लिहिलेलं असतं: श्वास घे.

प्रकृती तोळामासा, असं आई कुणाबद्दल म्हणाली
की मला वाटायचं,
तोळा म्हणजे पुष्कळ झाला की.

कमी केलं की काय होतं, ते नीट सांगता येत नाही.
कातडीखाली कुणी लोकर पिंजतंय.
फ्रिज बोलतो.
सुपरमार्केटात दह्याच्या कपाटापुढे उजेड एवढा मोठा झाला
की टोपली तिथेच ठेवून बाहेर आले
आणि इथल्या त्या सायीच्या रंगाच्या फोनच्या खोक्यात
कुणाला फोन न करता उभी राहिले.
चहूबाजूंनी काच हवी होती, एवढंच.

नोव्हेंबरात एक पायरी परत वर चढले.
ह्यांना नाही सांगितलं. ब्लेन्किनला सांगितलं.
ठीक, म्हणाली, आणि लिहून घेतलं.
हे पहाटे तीनला माझ्याबरोबर उठतात, चहा टाकतात,
"कालच्यापेक्षा आज बरी दिसतेस," म्हणतात,
दिवा लावायच्या आधीच.

आणि एक गोष्ट कुणालाच नाही.
आमच्या दुकानापुढची धूळ झारेकरी विकत न्यायचे,
गटारातला गाळसुद्धा.
पाटीत पाणी घालून हलवत बसायचे दिवसभर,
एका कणासाठी. आम्ही हसायचो.
गोळी घासल्यावर ताटलीत उरते ती पांढरी भुकटी
टाकून द्यायची असते. सगळा हिशेब तोच.
मी बोट ओलं करते.

आटणीत घट धरावीच लागते,
अण्णा गिऱ्हाइकाला समजावायचे,
सोनं कुठे गेलं नाही, मळ गेला.
गिऱ्हाईक काट्याकडे बघत राहायचं.
त्याचा चेहरा मला आता आरशात ओळखू येतो.

आज ताटली नळाखाली धरली.
पाणी मोरीतून खाली गेलं,
जायला हवं तिकडेच.
मी तिथेच उभी होते, तळमजल्यावर,
भोवऱ्याकडे बघत, शेवटचा आवाज होईतो.
बोट कोरडं होतं.

उद्याचं अजून तोललेलं नाही.